शेजारच्या सीटवरचे आई-बाप

ड्रायव्हिंग स्कूलवाला तीन-चार आठवड्यांत क्लच, गिअर आणि रिव्हर्स शिकवून मोकळा होतो. त्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, वेगळा क्लच असतो. पोरगं चुकलं तर तो गप्पा मारता मारता गाडी थांबवतो. मग एक दिवस पोरगं घरी येऊन म्हणतं, "पप्पा, आता आपली गाडी काढू?" आणि आपल्या गाडीत आपल्या पायाखाली असते फक्त मॅट.

त्या सीटवर पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. उदाहरणं साताऱ्यातली आहेत, कारण मी इथंच आधी मुलाच्या आणि मग मुलीच्या शेजारी बसले. सांगली-कराडकरांनी रस्त्यांची नावं बदलून वाचावं. माझं मत आधीच सांगते: क्लच-गिअर शिकवायच्या भानगडीत पडू नका. ते पैसे देऊन शिकू द्या. आपण शिकवायचा तो रस्ता, आणि तोही तोंडानं.

आधी कागद, आणि त्यात तुमचाही

चारचाकीसाठी अठरा वर्षं पूर्ण लागतात. "आमचा सतरा वर्षांचा आहे, पण मस्त चालवतो" असं कौतुकानं सांगणारे पालक साताऱ्यात कमी नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 199-अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविशी गाठेपर्यंत शिकाऊ लायसन्सही मिळत नाही. मुलगा कितीही मस्त चालवत असला तरी किल्ली कपाटात.

अठरा झाल्यावर परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर शिकाऊ लायसन्सचा अर्ज करायचा. नियम आणि चिन्हांची छोटी परीक्षा असते, 60 टक्के उत्तरं बरोबर आली की पास. आधारची पडताळणी केली तर ती घरबसल्याही देता येते. घरी देताना शेजारी बसून उत्तरं सांगू नका. चिन्हं पाठ नसलेल्या माणसाशेजारी उद्या तुम्हीच बसणार आहात. शिकाऊ लायसन्स 6 महिने चालतं आणि ते मिळाल्यापासून 30 दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. पण तीस दिवस झाले म्हणून एकतिसाव्या दिवशी धावू नका. निदान अर्धी मुदत सरावात घालवा.

आता तुमचा कागद. शिकाऊ चालकाच्या शेजारी बसणाऱ्याकडे चालू मुदतीचं लायसन्स असलंच पाहिजे, आणि तो गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा. म्हणजे मागच्या सीटवरून सूचना देणारे काका चालत नाहीत आणि कधी गाडी न चालवलेली आईही चालत नाही. इथं एक गंमत होते. आपल्या पिढीनं विशी-बाविशीत काढलेली लायसन्सं 20 वर्षांसाठी असायची. पोरगं अठराचं होतं साधारण तेव्हाच आपलं लायसन्स संपलेलं असतं, आणि ते घरात कुणाच्या गावीही नसतं. पाकिटातून काढून तारीख बघा.

विम्याचंही याच्याशी जोडलेलं आहे. गाडीच्या पॉलिसीत 'चालक' म्हणून शिकाऊ लायसन्सवाला धरलेला असतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 3 च्या अटी पाळल्या तरच. शेजारी लायसन्सवाला आणि गाडीला पुढं-मागं एल-बोर्ड, या त्यातल्या मुख्य अटी. बोर्ड पांढरा, 18 सेंटिमीटर चौरस, त्यावर लाल एल. वहीच्या कागदावर स्केचपेननं काढून चिकटवलेला एल पहिल्याच पावसात वाहून जातो. स्टिकरच्या दुकानातून नीट करून घ्या. पोरांना त्याची लाज वाटते, पण त्या बोर्डामुळं मागचा वडापवाला, म्हणजे शेअर जीपवाला, हॉर्न थोडा कमी वाजवतो, हा माझा अनुभव.

तुमची सीट लावून घ्या

गाडी दारात उभी असताना, इंजिन बंद ठेवून, पंधरा मिनिटं द्या. पोरगं आपली सीट आणि आरसे लावेल, तोवर तुम्ही तुमचं बघा.

पहिली गोष्ट हॅण्डब्रेक. तुमच्या सीटवरून तो डाव्या हाताला नाही, उजव्या हाताला येतो, हे शंभरदा गाडी चालवलेला माणूसही तिथं बसल्यावर विसरतो. हात न बघता तिथं गेला पाहिजे. आणीबाणीत तो कसा ओढायचा हेही शिकून घ्या: अंगठ्यानं बटण दाबून धरायचं आणि दांडा टप्प्याटप्प्यानं वर घ्यायचा. झटक्यात ओढला तर फक्त मागची चाकं अडकतात आणि ओल्या रस्त्यावर गाडीचं बूड फिरतं. मोकळ्या मैदानात, अगदी हळू वेगात, पोराला सांगून दोनदा ओढून बघा. आणखी एक: हॅण्डब्रेकनं गाडी थांबली तरी मागचा लाल दिवा लागत नाही. मागच्याला कळतच नाही. म्हणून तो शेवटचा उपाय. नव्या गाड्यांत दांडाच नसतो, एक बटण असतं. बऱ्याच गाड्यांत ते वर ओढून धरून ठेवलं की चालती गाडी थांबते, पण तुमच्या गाडीत कसं आहे ते मॅन्युअलमध्ये वाचा आणि मगच रस्त्यावर या.

दुसरी गोष्ट आरसा. मधला आरसा पोराच्या डोळ्यांसाठी लावलेला असतो, त्यात तुम्हाला फक्त मागची काच आणि स्वतःचं टेन्शन दिसतं. काचेला चिकटणारा छोटा जादा आरसा बाजारात मिळतो, तो तुमच्या बाजूला लावा. मागून एसटी किती जवळ आली आहे हे तुम्हाला पोराच्या आधी कळलं पाहिजे.

बाकीचं पटकन. दोघांचे बेल्ट. तुमचा फोन मागच्या सीटवर. तुमचे हात मांडीवर, डॅशबोर्डवर टेकवायचे नाहीत, एअरबॅग तिथंच असते. गाडीत तिसरं माणूस नको. विशेषतः आजी नको. आजीचं मागून "अगं बाई!" हे कोणत्याही हॉर्नपेक्षा भारी पडतं.

शब्द ठरवून घ्या

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, आणि बहुतेक घरांत ते होत नाही.

तीस किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात आठ मीटरहून जास्त जाते. "अगं तिकडं बघ ना, तो सायकलवाला आता आडवा येईल बघ" हे वाक्य बोलायला तीन सेकंद लागतात. तेवढ्यात गाडी पंचवीस मीटर पुढं गेलेली असते, म्हणजे सायकलवाल्याच्याही पुढं. त्यातून "अगं, अगं, अगं!" हे तर काहीच सांगत नाही. पोरगी दचकते, रस्ता सोडून आपल्या तोंडाकडं बघते, आणि नेमकी तीच वेळ रस्त्याकडं बघायची असते.

म्हणून आमच्याकडे मोजके शब्द ठरवले होते. "हळू" म्हणजे एक्सलेटरवरचा पाय उचल, एवढंच. "ब्रेक" म्हणजे हलका ब्रेक. "थांब" म्हणजे क्लच-ब्रेक दोन्ही दाबून गाडी पूर्ण उभी कर, का ते मग विचार. हा शब्द राखून ठेवायचा. गप्पांच्या ओघात "थांब जरा, तुला एक सांगते" असं म्हणालात की गाडी भर रस्त्यात उभी राहते, आणि चूक पोरीची नसते.

दोन शब्दांवर पूर्ण बंदी. एक "सोड". काय सोड? क्लच, ब्रेक, एक्सलेटर, हॅण्डब्रेक, की शेजारच्या रिक्षाचा नाद? दुसरा "घे". "घे की!" म्हटल्यावर गिअर घ्यायचा, वळण घ्यायचं, साइड घ्यायची की ओव्हरटेक घ्यायचं हे आपल्या मनात स्पष्ट असतं, पोराच्या नाही. पूर्ण बोला: "दुसरा गिअर घे." "डावीकडं वळ."

वळायचं असेल तर आधी जागा सांगा, मग दिशा: "पुढं पेट्रोल पंप आहे, त्याच्या आधी डावीकडं." पंप आल्यावर सांगितलं तर उशीर झाला. आणि सूचना एकावेळी एकच. "आरशात बघ, इंडिकेटर दे, दुसऱ्यात टाक आणि तो कुत्रा सांभाळ" यातलं पोरगं फक्त कुत्र्याकडं बघतं.

काही दिवसांनी उलटं करा. तुम्ही गप्प बसा आणि पोराला बोलायला सांगा. काय दिसतंय ते मोठ्यानं म्हणत चालवायचं: "डावीकडं वडाप उभं आहे, दार उघडू शकतं. पुढं शाळा. मागं बुलेट." पोराला काय दिसतंय आणि काय दिसतच नाही, ते तुम्हाला दहा मिनिटांत कळतं. माझ्या मुलीला पुढचं सगळं दिसायचं, पण गल्लीच्या तोंडातून काही येईल हे तिच्या बोलण्यात कधी यायचं नाही. मग आम्ही आठवडाभर फक्त गल्ल्यांची तोंडं बघत हिंडलो.

कुठून कुठं, कोणत्या क्रमानं

सुरुवात मोकळ्या जागेत, आणि मग एमआयडीसीत, कारखान्यांना सुट्टी असेल त्या दिवशी. रुंद रस्ते, काटकोनातली वळणं, वर्दळ नाही. तिथं डावीकडची वळणं, उजवीकडची वळणं, गाडी कडेला लावणं आणि परत रस्त्यावर घेणं हे कंटाळा येईपर्यंत करा. एका खेपेला अर्धा-पाऊण तास पुरे. त्यानंतर पोरगं दमतं आणि आपलीही जीभ घसरायला लागते.

मग चढ. सातारा अजिंक्यताऱ्याच्या कुशीत वसलेलं, इथं चढ टाळून गाडी शिकताच येत नाही. चढावर गाडी बंद पडणं हीच शिकणाऱ्याची सगळ्यात मोठी धास्ती, तेव्हा ती गर्दीत येण्याआधी एखाद्या निवांत चढावर काढून टाका. हॅण्डब्रेक वर. पहिला गिअर. थोडी रेस. क्लच सावकाश वर, इंजिनाचा आवाज जड होईपर्यंत. त्या क्षणी बॉनेट किंचित उचलल्यासारखं होतं आणि गाडी ओढ घेते. पाय तिथंच धरून ठेवायचा आणि मगच हॅण्डब्रेक खाली. घाई होते ती त्या 'मगच'मध्ये. बॉनेटकडं बोट दाखवून सांगा, "हे उचललं की." कानापेक्षा डोळ्याला ते आधी पटतं.

आणि भर गर्दीत चढावर बंद पडलीच तर? मागून हॉर्न वाजणार, कुणीतरी डोकावून बघणार. पोराला एकच सांगा: "ब्रेकवर पाय आहे ना? मग गाडी कुठं जात नाही." हॅण्डब्रेक, न्यूट्रल, चावी, पहिल्यापासून सुरुवात. तोवर तुम्ही खिडकीतून हात काढून मागच्यांना पुढं जायला सांगा. हे तुमचं काम आहे, पोराचं नाही. खाली उतरून "सरक, मी काढतो" म्हणू नका. एकदा तुम्ही काढून दिलीत की पुढच्या चढावर पोरगं तुमच्याकडंच बघणार.

त्यानंतर शहर. गोडोली, सदर बझार सकाळी सातच्या सुमारास, मग हळूहळू गर्दीच्या वेळा. पोवई नाका त्यानंतर. तिथल्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे चौकाखालच्या भुयारी रस्त्यात, शिरताना कोणत्या तोंडानं बाहेर पडायचं हे निदान शंभर मीटर आधी ठरलेलं हवं, कारण आत गेल्यावर विचार बदलायला जागा नाही. चुकीच्या बाजूनं बाहेर आलात तर येऊ दे. लांबून वळून या. रस्ता चुकला तर चुकू द्यायचा, ऐनवेळी वळायचं नाही, ही सवय पोराला अशीच लागते.

राजपथावर मोती चौक ते राजवाडा हा तुकडा संध्याकाळी मुद्दाम एकदा घ्या. दोन्ही बाजूंना लावलेल्या दुचाकी, पेढ्यांच्या दुकानापुढं थांबलेल्या पाहुण्यांच्या गाड्या, मधूनच रस्ता ओलांडणारी माणसं. इथं गाडी माणसाच्या चालीनं जाते, म्हणजे सगळा खेळ हाफ क्लचचा आणि आरशांचा. तुमच्या बाजूचा आरसा किती अंतरावरून जातो ते पोराला दिसत नाही, तुम्हाला दिसतं. "माझ्या बाजूला एक हात आहे" असं मोजून सांगा. नुसतं "बघ, बघ" नको.

हायवेला घाई नको. शेंद्र्यापासून वाढे फाट्यापर्यंतचा पट्टा सरळ दिसतो म्हणून लोक तिथंच शिकवायला घेऊन जातात, आणि सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेनं येणारी दुचाकी समोर आली की दोघांचीही बोबडी वळते. मी दोन्ही पोरांना पक्कं लायसन्स येईपर्यंत हायवेवर घेतलं नाही. नेलं तेव्हा पहिले धडे तीन. एक, सर्व्हिस रोडवरून हायवेला लागताना इंडिकेटर देऊन वेग वाढवत शिरायचं, तोंडाशी घुटमळत उभं राहायचं नाही. दोन, ट्रकनं उजवा इंडिकेटर दिला तर त्याचे दोन अर्थ होतात: तो स्वतः उजवीकडं येतोय, किंवा मागच्याला "जा पुढं" म्हणतोय. नक्की कळेपर्यंत मागंच राहायचं. तीन, आनेवाडी टोल नाक्यावर लेन लांबूनच निवडायची आणि मग बदलायची नाही.

ऊस, धुकं, रात्र

शहरात सगळं जमतंय असं वाटायला लागतं, आणि तेवढ्यात कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होतो. दिवाळीच्या आगेमागे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर येतात त्या थेट मार्चपर्यंत. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, मागं दिवा असेलच असं नाही, आणि ट्रॅक्टरवर गाणी एवढ्या मोठ्यानं की तुमचा हॉर्न त्याला ऐकू जात नाही. दिवसा पोराला हे एकदा नीट दाखवा: कडेला सुरक्षित थांबून एक आख्खी ट्रॉली जवळून जाऊ द्या. तिची लांबी किती, ती चढावर कशी रेंगाळते, वळताना मागची ट्रॉली किती आत येते. ओव्हरटेक करताना एका गाडीची लांबी धरून चालत नाही. समोरचा रस्ता मोकळा दिसला तरी शंका आली की नाही जायचं, आणि "जा, जा" असं तुम्ही कधीही म्हणायचं नाही. ओव्हरटेकचा निर्णय स्टेअरिंगवाल्याचा. तुम्ही फक्त "नको" म्हणू शकता.

अंधारातला सराव वेगळा धरा आणि आधी ओळखीच्या रस्त्यावर करा. समोरून अप्पर लावून गाडी आली की पोराची नजर त्या दिव्यांकडंच खेचली जाते, आणि जिकडं नजर तिकडं गाडी. तेव्हा म्हणा, "डावी कड बघ." पांढरा पट्टा असेल तर पट्टा, नसेल तर डांबर संपतं ती रेघ. आपला दिवा डिपरवर, वेग कमी. स्वतः अप्पर देऊन बदला घ्यायचा नाही, हे तर पोरांच्या आधी बापांना सांगावं लागतं.

घाट सगळ्यात शेवटी. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट चढताना पोरं खूश असतात, पण परीक्षा उतरताना असते. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचं हे ज्ञान त्यांना कुठल्या तरी काकाकडून मिळालेलंच असतं. ते तिथंच मोडून काढा. ज्या गिअरमध्ये चढ चढलो साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं. इंजिन गाडीला धरून ठेवतं. सतत ब्रेक दाबून उतरलं तर ब्रेक तापतात आणि तळाच्या वळणावर पेडल मऊ लागायला लागतं. जळका वास आला तर जागा बघून थांबायचं, गाडी थंड होऊ द्यायची. अरुंद ठिकाणी समोरासमोर गाड्या आल्या तर चढणाऱ्याचा हक्क पहिला, उतरणाऱ्यानं थांबायचं. हा नियमच आहे, पण शनिवार-रविवारी कासला जाणाऱ्या गर्दीला तो माहीत असेल या भरवशावर राहू नका. पावसाळ्यात यवतेश्वरच्या वर ढग रस्त्यावर उतरतात. अशा धुक्यात शिकाऊ पोराला नेऊ नका, आणि फुलांच्या हंगामात तर त्या रस्त्याचं नावच काढू नका. वाटेत धुकं लागलंच तर लो बीम, कमी वेग, आणि चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावायचे नाहीत, नाहीतर वळणार कुठं ते कुणालाच कळत नाही.

गाडी बंद झाल्यावर

चूक झाली की गाडीतच वाद सुरू होतो. तो टाळायचा एकच उपाय: चालत्या गाडीत फक्त सूचना, कारणं घरी. घरी आल्यावरही लगेच नाही. चहा होऊ दे. मग आधी पोराला विचारा, "आज कुठं भीती वाटली?" त्याला जी जागा वाटली आणि तुम्हाला जी वाटली त्या सहसा वेगळ्या निघतात. दोन्हींवर बोला आणि पुढच्या वेळी त्या दोन्ही जागांवर परत जा.

तुम्हालाच फार भीती वाटत असेल तर? वाटते काही जणांना. पाय मॅटवर दाबला जातो, हात वरच्या हँडलला जातो, पोराला ते सगळं दिसतं. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या लायसन्सवाल्या माणसाला बसू द्या: मामा, काका, मोठी बहीण, कुणीही. आमच्याकडे ह्यांना शहरात बसवायचं नाही आणि मला घाटात बसवायचं नाही, असं मुलीनंच ठरवून टाकलं होतं, आणि ते बरोबर होतं.

पक्कं लायसन्स आलं की अठरा-एकोणीसच्या मुलासाठी ते चाळिशीपर्यंत चालतं. त्यानंतरही काही आठवडे शेजारी बसा, पण आता काही न बोलता. पहिली एकट्याची फेरी ओळखीच्या रस्त्यावर, दिवसाउजेडी, मित्रांना न घेता. जाताना "पोचल्यावर फोन कर" म्हणा, "वाटेत फोन कर" नको. त्या आधी एकदा दारात जॅक लावून स्टेपनी बदलायला लावा. बोल्ट गाडी उचलायच्या आधी सैल करायचे, हे वाढे फाट्यावर रात्री नऊ वाजता कळून उपयोग नाही.